रबराचा पॅड, मांडे आणि डिटर्मिनंट: अरेषीय स्थितिस्थापकतेतला अस्तित्वाचा प्रश्न, पायरीपायरीने

मागच्या पावसाळ्यात एक जुना विद्यार्थी बेळगावला, टिळकवाडीत घरी आला. आता तो उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये डिझाइन बघतो. पिशवीतून त्याने रबराचा पॅड काढून टीपॉयवर ठेवला. दोन लोखंडी चकत्या, मध्ये चिकटवलेले काळे रबर, मशीनच्या पायाखाली हादरा खायला घालतात तसला. म्हणाला, "सर, कॉम्प्युटरवर ह्याला दाबत गेलं की जाडी साठ टक्के उरेपर्यंत बरोबर येतंय, खरं तिथनं पुढं एकदम चपटं होऊन उलटंच होतंय. खरा पॅड असं कुठं करतोय?"

ऊर्जेचे सूत्र कोणते घातलेस, एवढेच मी विचारले. त्याने सांगितलेले नाव ऐकून दुखणे कुठे आहे ते कळले. पण ते त्याला नीट समजावायला सहा रविवार गेले, कारण उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नव्हते. ते अरेषीय स्थितिस्थापकतेच्या आंशिक अवकल समीकरणांच्या, म्हणजे पीडीईच्या, मुळाशी होते. त्या सहा रविवारांची टिपणे जरा सावरून इथे देतो आहे. एमएस्सी गणित किंवा एमटेक करणाऱ्या आणि हा विषय स्वतःच्या बळावर वाचू पाहणाऱ्यांसाठी ही आहेत.

शब्दांबद्दल एक गोष्ट. आमच्या भागात पोराचे घर मराठी, रस्त्यावरची पाटी कन्नड आणि पुस्तक इंग्रजी. डिटर्मिनंटला 'निश्चयक' म्हणा म्हटले की पोरे माझ्याकडेच बघत राहतात. म्हणून वर्गात जो शब्द तोंडात येतो तोच इथे लिहिला आहे.

आधी हाताशी काय हवे

तीन गोष्टी. सोबोलेव्ह स्पेस म्हणजे काय, हे माहीत हवे. रिफ्लेक्सिव्ह स्पेसमधल्या बाउंडेड सीक्वेन्समधून वीकली कन्व्हर्ज होणारी सबसीक्वेन्स निघते, हे माहीत हवे. आणि रेलिखचे प्रमेय: डेरिव्हेटिव्ह वीकली कन्व्हर्ज होत असतील तर फंक्शन स्वतः स्ट्राँगली कन्व्हर्ज होते. एवढ्यावर गाडी सुरू होते. फिलिप सिआर्ले यांनी बंगळुरूला त्रिमितीय स्थितिस्थापकतेवर दिलेली व्याख्याने टाटा इन्स्टिट्यूटने १९८३ मध्ये छापली. टिपणे एस. केसवन यांची आहेत आणि नेटवर फुकट मिळतात. विकत काही घेण्याआधी ती उतरवून घ्या. रोज तासभर दिलात तर सहा महिने धरा. त्याहून लवकर होते म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

पहिली पायरी: ताणणे म्हणजे काय ते मॅट्रिक्समध्ये लिहा

लग्नघरात मांडे करताना बघितले असेल. आधी कणकेची पारी चार इंचांची असते. मग बाई ती हातांवर घेऊन झेलत, फिरवत वीस इंचांची करते आणि उपड्या कढईवर टाकते. लांबीला पाचपट, रुंदीला पाचपट. मग जाडी किती उरली? कणीक कुठे उडून गेलेली नाही, आकारमान तेवढेच आहे, म्हणून जाडी पंचविसावा हिस्सा.

हेच गणितात लिहायचे. मूळ आकारातला प्रत्येक बिंदू विकृतीनंतर कुठे गेला हे सांगणारे फंक्शन 'वाय', आणि त्याच्या डेरिव्हेटिव्हचे तीन बाय तीन मॅट्रिक्स 'एफ', म्हणजे डिफॉर्मेशन ग्रेडियंट. मांड्याच्या मधल्या भागात एफच्या कर्णावर ५, ५ आणि १/२५, बाकी सगळे शून्य. आता तीन हिशोब करा:

एफ सांगते लांबी किती पट झाली: ५, ५, १/२५.
कॉफ एफ, म्हणजे कोफॅक्टर मॅट्रिक्स, सांगते क्षेत्रफळ किती पट झाले: वरचा पापुद्रा २५ पट, कडेच्या बाजू १/५ पट.
डेट एफ सांगते आकारमान किती पट झाले: ५ × ५ × १/२५ = १.

लांबी, क्षेत्रफळ, आकारमान हे त्रिकूट शेवटपर्यंत सोडायचे नाही. मांडा सोडला की पुन्हा चार इंचांचा होत नाही, म्हणून तो स्थितिस्थापक नव्हे, हे मला ठाऊक आहे. भूमिती मात्र तीच. रबरबँड सोडला की परत येतो, कारण ताणताना घातलेली ऊर्जा त्यात साठून असते. प्रत्येक बिंदूपाशी ती किती साठली हे एफवरून सांगणारे फंक्शन म्हणजे डब्ल्यू. पूर्ण पॅडची ऊर्जा म्हणजे डब्ल्यूचे इंटिग्रल, आणि ती कमीत कमी करणारा वाय हवा आहे. असा वाय मुळात असतो का, हाच अस्तित्वाचा प्रश्न. समतोलाची पीडीई म्हणजे याच ऊर्जेचे ऑयलर-लग्रांज समीकरण: डब्ल्यूच्या डेरिव्हेटिव्हचा डायव्हर्जन्स, अधिक बाहेरचे बल, बरोबर शून्य.

डब्ल्यूवर निसर्गाच्या दोन अटी आहेत. वस्तू नुसती फिरवली तर ऊर्जा बदलू नये. आणि डेट एफ शून्याकडे जाऊ लागले, म्हणजे आकारमान नाहीसे करायला गेलात, की ऊर्जा अनंत व्हावी. डेट एफ ऋण असेल तर वस्तू आतून उलटी झाली, ते तर मुळीच चालणार नाही.

दुसरी पायरी: बहिर्वक्रतेचा मोह सोडा

इथे पाच मिनिटांऐवजी दोन दिवस घालवा. ज्याला ही पायरी पटली त्याला पुढचे सगळे का केले आहे ते आपोआप कळते.

कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्सच्या पहिल्या पुस्तकात सांगतात की फंक्शन बहिर्वक्र असेल, म्हणजे कन्व्हेक्स, तर किमान मिळते, सगळे सुरळीत होते. मग डब्ल्यूही बहिर्वक्र आहे असे धरू या का? धरा आणि हा हिशोब करा.

वस्तू जशीच्या तशी ठेवली तर एफ म्हणजे आयडेंटिटी, कर्णावर १, १, १. तीच वस्तू उभ्या अक्षाभोवती १८० अंशांत फिरवली तर कर्णावर −१, −१, १. दोन्हींत ताण नाही, दोन्हींची ऊर्जा सारखी. आता या दोन मॅट्रिक्सची सरासरी घ्या: ०, ०, १. डब्ल्यू बहिर्वक्र असेल तर सरासरीच्या ठिकाणी ऊर्जा दोन टोकांच्या ऊर्जेच्या सरासरीहून जास्त नसावी. म्हणजे ताण नसलेल्या वस्तूएवढी किंवा त्याहून कमी. पण ०, ०, १ चा डिटर्मिनंट शून्य आहे! अख्खा पॅड एका रेषेत चिरडला गेला आहे, तिथे ऊर्जा अनंत हवी. दोन्ही एकदम खरे असू शकत नाही.

हातात घेऊन बघायचे तर पॅडवर कडेला खडूने एक ठिपका काढा. अर्धा वळसा दिला की तो समोरच्या कडेला जातो. दोन जागांचा मधला बिंदू अक्षावर पडतो. प्रत्येक ठिपक्याचे हेच होते, सगळा पॅड अक्षावर गोळा होतो. फिरवणे ही गोष्ट सरासरीला मानतच नाही.

दुसरा पुरावा प्लॅस्टिकच्या फुटपट्टीचा. दोन तळहातांत उभी धरून दाबा. डावीकडे वाकेल नाहीतर उजवीकडे. एकाच दाबाला दोन उत्तरे. ऊर्जा काटेकोर बहिर्वक्र असती तर उत्तर एकच निघाले असते आणि जगात कुठलाही खांब कधी बाक खाऊन मोडला नसता. इंजिनिअरिंगची पोरे 'बकलिंग' पाठ करतात, पण आपण बहिर्वक्रता नाकारतो आहोत हे त्यांना कोणी सांगत नाही.

तिसरी पायरी: ऊर्जेचे सूत्र निवडा, आणि पॅडचे काय झाले ते बघा

माझ्या विद्यार्थ्याने घातलेले सूत्र होते सेंट व्हेनां-किर्खॉफ. हूकच्या नियमाचा साधासरळ विस्तार, म्हणून सगळ्यांना प्रिय. ते असे तपासा: पॅड बाजूला फुगू न देता जाडी ट पट करा. कर्णावर ट, १, १. ऊर्जा निघते (ट² − १)² च्या प्रमाणात, आणि दाबायला लागणारा जोर ट³ − ट च्या प्रमाणात.

आता आकडे घाला. ट = १ ला जोर शून्य, बरोबर. ट = ०.८ ला −०.२८८. ट = ०.५७७ ला −०.३८५. ट = ०.३ ला −०.२७३. ट = ० ला परत शून्य! म्हणजे जाडी मूळच्या ५८ टक्क्यांखाली गेली की पॅडचा विरोध वाढायच्या ऐवजी कमी होतो, आणि पूर्ण चिरडलेला पॅड काहीच विरोध करत नाही. पोराचे साठ टक्के ते हेच. कॉम्प्युटरने चूक केली नव्हती, दिलेले सूत्र इमानाने सोडवले होते. लहान विकृतीसाठी हे सूत्र उत्तम आहे, पण दाबाच्या रबराला ते घालू नका.

त्याजागी काय घालावे? मूनी यांचे १९४० चे आणि रिव्हलिन यांचे १९४८ चे काम रबरासाठी प्रसिद्ध आहे, १९७२ चे ऑग्डेन यांचे सूत्र त्याहून लवचिक. शिकायला मी सिआर्ले आणि जेमोना यांचे १९८२ चे सूत्र देतो, कारण त्यात मघाचे त्रिकूट उघड्यावर दिसते:

डब्ल्यू = अ × |एफ|² + ब × |कॉफ एफ|² + क × (डेट एफ)² − ड × लॉग (डेट एफ)

अ, ब, क, ड चारही धन. |एफ|² म्हणजे एफच्या सगळ्या घटकांच्या वर्गांची बेरीज, |कॉफ एफ|² चेही तसेच. लांबीचा हिशोब पहिल्या पदात, क्षेत्रफळाचा दुसऱ्यात, आकारमानाचा शेवटच्या दोनांत. डेट एफ शून्याकडे गेले की उणे लॉग अनंताकडे जातो, म्हणजे चिरडणे बंद. न ताणलेल्या पॅडमध्ये ताण शून्य असावा म्हणून ड = २अ + ४ब + २क लागते. हे स्वतः काढून बघा: एफच्या जागी आयडेंटिटीची ल पट ठेवा आणि ल = १ ला डेरिव्हेटिव्ह शून्य करा. दहा मिनिटांचे काम.

चौथी पायरी: थेट पद्धत, आणि ती अडते कुठे

पद्धत सांगायला सोपी. ऊर्जा किमानाकडे जात राहील अशी विकृतींची रांग घ्या. ऊर्जा बाउंडेड आहे म्हणून डेरिव्हेटिव्हही बाउंडेड आहेत. पॅडचा काही भाग चकतीला चिकटलेला आहे म्हणून पोआंकारेची असमता लागू पडते आणि रांग हातातून निसटत नाही. वीक लिमिट काढा. त्या लिमिटची ऊर्जा किमानाएवढीच आहे हे दाखवा. झाले.

अडते ते शेवटच्या वाक्यात. वीक लिमिट म्हणजे काय हे मला वडगाव-खासबागच्या मागांवर कळले म्हटले तरी चालेल. उभा ताणा एक धागा काळा, एक पांढरा. जवळून पट्टे स्पष्ट, चार पावले मागे सरकलात की कापड राखाडी. वीक लिमिट मागे उभे राहून बघते, त्याला सरासरी दिसते, पट्टे दिसत नाहीत. गणितात: साइन (एन एक्स) चे वीक लिमिट शून्य, पण त्याच्या वर्गाचे वीक लिमिट अर्धा. शून्याचा वर्ग अर्धा नव्हे. अरेषीय गोष्ट वीक लिमिटमधून सरळ आत जात नाही.

याने काय बिघडते ते एका मितीत बघा. ऊर्जा (उतार² − १)² अधिक उंचीचा वर्ग. करवतीच्या दात्यांसारखी रेष घ्या, उतार आळीपाळीने +१ आणि −१, दाते बारीक करत जा. ऊर्जा शून्याकडे जाते. लिमिट मात्र सपाट रेष, उतार शून्य, ऊर्जा १. किमान जवळ येत राहते पण हाती लागत नाही. ही नुसती गणिताची खोडी नाही. आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूंत असे बारीक पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली खरोखर दिसतात, आणि जॉन बॉल व रिचर्ड जेम्स यांनी १९८७ मध्ये त्यांचा अर्थ याच गणिताने लावला.

म्हणजे बहिर्वक्रता धरली तर भौतिकशास्त्र बिघडते, सोडली तर प्रमेय बिघडते.

पाचवी पायरी: डिटर्मिनंटचे गुपित

एक अरेषीय गोष्ट मात्र वीक लिमिटमधून अंगाला ओरखडाही न लागता बाहेर येते: डिटर्मिनंट. कोफॅक्टरही.

दोन मितींत पडताळा घ्या. वाय१, वाय२ हे दोन घटक, ∂१, ∂२ हे आंशिक डेरिव्हेटिव्ह.

डेट एफ = ∂१(वाय१ ∂२वाय२) − ∂२(वाय१ ∂१वाय२)

उजवी बाजू उलगडली की वाय१ ला गुणलेली दुसऱ्या दर्जाची दोन पदे एकमेकांना काटतात आणि डिटर्मिनंट उरतो. आता कंसात बघा. वाय१ रेलिखमुळे स्ट्राँगली कन्व्हर्ज होते, ∂२वाय२ वीकली. स्ट्राँग गुणिले वीक हे चालते. दोन वीक गोष्टींचा गुणाकार चालला नसता, तो टाळला गेला.

असे का व्हावे? खानापूरकडे शेताची मोजणी बघितली असेल तर सोपे आहे. मोजणीवाला बांधावरून फिरतो. आत भात आहे, नाचणी आहे की नुसते तण, त्याला काही देणेघेणे नाही. क्षेत्रफळ बांधावरून ठरते. डिटर्मिनंटचे इंटिग्रल तसेच काठावरून ठरते, आतल्या बारीक सुरकुत्यांचा त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि वीक लिमिटला दिसत नव्हत्या त्या नेमक्या सुरकुत्याच. युरी रेशेत्न्याक यांनी १९६० च्या दशकात हे वीक सातत्य मांडले. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच.

सहावी पायरी: पॉलिकन्व्हेक्सिटी आणि बॉल यांचे प्रमेय

जॉन बॉल यांची १९७७ ची कल्पना आता जवळजवळ आपसूक सुचते. डब्ल्यू हे एफचे बहिर्वक्र फंक्शन असावे असे म्हणू नका. एफ, कॉफ एफ आणि डेट एफ या तिन्हींना स्वतंत्र चल समजा, आणि त्या तिन्हींचे मिळून ते बहिर्वक्र असावे एवढेच म्हणा. यालाच पॉलिकन्व्हेक्स म्हणतात. सिआर्ले-जेमोना सूत्र तसे आहे हे नुसत्या डोळ्यांनी दिसते: वर्ग बहिर्वक्र, उणे लॉग बहिर्वक्र. फिरवण्याची मघाची अडचणही सुटते. आयडेंटिटी आणि अर्धा वळसा दोन्हींचा डेट १ आहे, त्यांची सरासरी १ च राहते. ०, ०, १ या मॅट्रिक्सचा डेट शून्य, तो या सरासरीच्या वाटेवर येतच नाही.

पॅडच्या जुन्या सूत्राची पुन्हा झडती घ्या. कर्णावर ट, १, १ असताना कॉफ एफच्या कर्णावर १, ट, ट आणि डेट एफ बरोबर ट. तिन्ही गोष्टी ट मध्ये सरळ रेषेत बदलतात. म्हणून सूत्र पॉलिकन्व्हेक्स असेल तर या वाटेवर ऊर्जा ट चे बहिर्वक्र फंक्शन असलीच पाहिजे. (ट² − १)² हे ०.५७७ च्या खाली बहिर्वक्र नाही. सेंट व्हेनां-किर्खॉफ बाद, दोन ओळींत.

प्रमेयाला वाढीची अट लागते: डब्ल्यू हे |एफ| चा पी घात, |कॉफ एफ| चा क्यू घात आणि डेट एफचा आर घात यांच्या बेरजेपेक्षा, स्थिरांक सोडून, कमी नसावे. पी किमान २, क्यू किमान पी/(पी − १), आर १ हून मोठा. आणि निदान एक तरी विकृती मर्यादित ऊर्जेची असावी. मग किमान मिळते. सिद्धता स्वतः लिहायची तर असा क्रम ठेवा. रांगेतून एफ, कॉफ आणि डेट तिघांचीही वीक लिमिटे वेगवेगळी काढा. पाचव्या पायरीने ती लिमिट-विकृतीचीच एफ, कॉफ आणि डेट आहेत हे ओळखा. मग बहिर्वक्रतेमुळे ऊर्जा लिमिटमध्ये वर उडी मारत नाही.

पोरे जिथे हमखास घसरतात ती जागा म्हणजे डेट एफ धन आहे हे दाखवणे. धन संख्यांचे वीक लिमिट शून्य होऊ शकते. समजा शून्याहून मोठ्या मापाच्या एखाद्या भागावर ते शून्य झाले. तर त्या भागावर रांगेतल्या डिटर्मिनंटचे इंटिग्रल शून्याकडे जाते, ते सगळे धन आहेत, म्हणून एका सबसीक्वेन्ससाठी जवळपास प्रत्येक बिंदूपाशी ते शून्याकडे जातात, तिथे डब्ल्यू अनंताकडे जाते, आणि फातूच्या लेमाने एकूण ऊर्जा अनंत. पण ऊर्जा तर बाउंडेड होती. म्हणून असा भाग नाहीच. परीक्षेत मी हेच विचारतो.

मॉरी यांची १९५२ ची क्वासिकन्व्हेक्सिटी आणि रँक-वन कन्व्हेक्सिटी या बहिर्वक्रतेच्या आणखी सैल अटी पुढे वाचायच्या. पॉलिकन्व्हेक्समधून पहिली निघते, पहिलीतून दुसरी. दुसरीतून उलट पहिलीकडे तीन मितींत जाता येत नाही हे व्लादिमीर श्वेराक यांनी १९९२ मध्ये उदाहरण देऊन दाखवले. पहिल्या वाचनात एवढे पुरे.

सातवी पायरी: एका जागी दोन कण नकोत

डेट धन असले म्हणजे वस्तू स्वतःत घुसत नाही असे समजू नका. कडे घ्या, मध्ये भोक असलेली सपाट चकती. प्रत्येक बिंदूचे केंद्रापासूनचे अंतर तेच ठेवा आणि कोन दुप्पट करा. डिटर्मिनंट सगळीकडे २, झकास धन. पण कडे स्वतःवरच दोनदा गुंडाळले गेले, प्रत्येक जागी दोन कण. बोटाला रबरबँड दोन वेढे देऊन घालता तेव्हा एक वेढा दुसऱ्यावर बसतो. इथे दोन्ही एकाच जागी आले.

उपाय सिआर्ले आणि नेचास यांनी १९८७ मध्ये दिला: डेट एफचे इंटिग्रल विकृत आकाराच्या प्रत्यक्ष आकारमानाहून जास्त नसावे, अशी अट घाला. कड्याच्या उदाहरणात डावी बाजू दुप्पट येते, अट मोडते, चोरी पकडली जाते. पी ३ हून मोठा असेल तर ही अट लिमिटमध्येही टिकते.

आठवी पायरी: किमान मिळाले, पण समीकरण?

इथे नवख्याला धक्का बसतो. आपण पीडीई सोडवायला निघालो होतो. किमान मिळाले म्हणजे ऑयलर-लग्रांज समीकरण सुटले, असे कोणीही म्हणेल. पण ते समीकरण काढताना किमानाच्या विकृतीला थोडा धक्का देऊन डेरिव्हेटिव्ह घ्यावा लागतो. किमानाचा डेट एफ कुठेकुठे शून्याच्या मनमानी जवळ जात असेल, तर कितीही लहान धक्का दिला तरी तो ऋण होऊ शकतो आणि ऊर्जा अनंतावर उडी मारते. डेरिव्हेटिव्ह घ्यायला जागाच उरत नाही. बॉल यांनी १९८४ मध्ये वेगळ्या प्रकारचे धक्के वापरून, वाढीच्या काही अटींखाली, समीकरणाची दुसरी रूपे मिळवली. नेहमीचे रूप मिळते का, हा प्रश्न त्यांनी २००२ मध्ये आपल्या खुल्या प्रश्नांच्या यादीत ठेवला.

दुसरी वाट आहे ती इन्व्हर्स फंक्शन थिअरमची. १९५४ मध्ये स्तोपेल्ली यांनी तिने छोट्या बलांसाठी समीकरणाचे खरे उत्तर मिळवले. मात्र पॅडसारखे, काही काठ चिकटलेला आणि काही मोकळा, असे झाले की जिथे हे दोन काठ भेटतात तिथे ती वाट सहसा बंद पडते. थोडक्यात, वर्कशॉपमधल्या साध्या पॅडला दोन्ही प्रमेये पूर्ण पुरत नाहीत. मला हे सांगायला लाज वाटत नाही, उलट पोरांना इथेच विषयाची गोडी लागते.

नववी पायरी: आता पॅड ओढा

दाबण्याचे झाले. चौथ्या रविवारी पोरगा म्हणाला, ओढून बघितला. यंत्रावर दोन चकत्या ओढत नेल्या, रबर बाहेरून तुटले नाही, पण आतून 'टक' असा आवाज आला. आम्ही तो हॅकसॉने उभा कापला. बाहेरून धडधाकट, आणि बरोबर मध्यावर जोंधळ्याच्या दाण्याएवढे भोक.

गेंट आणि लिंडली यांनी १९५८ च्या सुमारास असेच रबराचे पातळ गोल तुकडे धातूला चिकटवून ओढले होते. भोके पडायला लागणारा ताण रबराच्या यंग मॉड्युलसच्या, म्हणजे ताठरपणाच्या मापाच्या, सुमारे पाच-षष्ठांश निघाला. बॉल यांनी १९८२ मध्ये याचे विश्लेषण पीडीईच्या अंगाने केले.

वहीत हे असे करा. केंद्रापासून आर अंतरावरचा (हा आर म्हणजे अंतर, सहाव्या पायरीतला घात नव्हे) बिंदू त्याच दिशेने (आर³ + १) च्या घनमुळाएवढ्या अंतरावर न्या. केंद्र सोडून सगळीकडे डेट एफ बरोबर १, म्हणजे रबर कुठेही दबले नाही, फुगले नाही. तरी आत १ त्रिज्येचे भोक उघडले. केंद्राजवळ एफ हे १/आर सारखे वाढते, म्हणून त्याच्या पी घाताचे इंटिग्रल पी ३ हून लहान असेल तोवर मर्यादित राहते. सोबोलेव्ह स्पेसला हे भोक चालते! पाचव्या पायरीतला डायव्हर्जन्सचा सूर मात्र इथे फुटतो. बांधावरून मोजले तर ४π/३ एवढे आकारमान जास्त भरते, आणि आतल्या डिटर्मिनंटची बेरीज ते जास्तीचे दाखवत नाही, कारण ते सगळे एका बिंदूत दडलेले आहे.

कॉफ एफ केंद्राजवळ १/आर² सारखे वाढते. त्याच्या क्यू घाताचे इंटिग्रल क्यू दीडहून लहान असेल तरच मर्यादित. म्युलर, तांग ची आणि यान यांनी १९९४ मध्ये बॉल यांच्या प्रमेयातली क्यूची अट नेमकी दीडपर्यंत खाली आणली ती याच उंबरठ्यापर्यंत. त्याच्या खाली भोके पडू शकतात, दीड किंवा वर असेल तर ऊर्जा भोक पडू देत नाही.

आता सिआर्ले-जेमोना सूत्राकडे परत जा. तिथे कॉफचा घात २ आहे. म्हणजे कॉम्प्युटरवरचा नवा पॅड, जो आता दाबताना शहाण्यासारखा वागतो, तो ओढताना कधीच 'टक' करणार नाही. पोराला खऱ्या पॅडचे भोक कॉम्प्युटरवर हवे असेल तर ब चे पद काढून किंवा त्याचा घात दीडच्या खाली आणून नवी ऊर्जा लिहावी लागेल, आणि मग सहावी पायरी नव्याने, भोके हिशोबात धरून चढावी लागेल. सहाव्या रविवारी तो तेच करत बसला होता, पॅडचे दोन तुकडे वहीवर वजन म्हणून ठेवून.